डालग्याखालची कोंबडी

"मग आक्का, तांबडा मलाच न्हवं?"

तानूआक्का फाटकातून आत आली आणि पदर खोचून उभी राहिली.

रणधीरला घाई झाली होती. होणारच! आजऱ्याच्या त्या अंगाला रंगीत कोंबड्या माळावर मोकळ्या चारून वाढवाव्यात त्या तानूआक्कानंच. तिच्या कोंबडीचा रस्सा ज्यानं एकदा ओरपला, त्याला दुसरीचा गोड लागत नसे. आणि त्या सगळ्या कोंबड्यांचं बीज म्हणजे तिचा तांबडा कोंबडा. आजवर तिनं तो कुणाला दिला नव्हता. आता गुडघे थकले, तेव्हा म्हणाली होती, लायक माणूस दिसला की त्याच्या माळावर नेऊन सोडीन.

रणधीर तीन वर्षं तिच्या हाताखाली राबला होता. यंदा त्यानं स्वतःचे तीनशे पक्षी वाढवले. तांबडा आपल्यालाच मिळणार, हे त्यानं अख्ख्या गावाला सांगूनही टाकलं होतं. आता नाही मिळाला, तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

"बघा तरी, आक्का!" तो शेडच्या दारात उभा राहून म्हणाला. "लाल, ठिपक्यांच्या कवड्या, पिवळ्या जर्द, काळ्याभोर. एक मेली न्हाई. हातात घेतली तर मनगट वाकतंय."

खरंच तसं होतं. उगाच खोटं कशाला बोला? पक्षी असे तुकतुकीत, की दृष्ट काढावी.

आक्कानं एक कोंबडा उचलला. रंग बघितला नाही, वजन बघितलं नाही. गळ्याखालची दाण्याची पिशवी दोन बोटांनी चाचपली.

"काय खातोय?"

"मका, सोयाबीन, सुकट. घमेलं कधी रिकामं ठेवत न्हाई मी!"

"आणि भाईर?"

"दिवस उजाडल्यापासनं दार उघडं असतंय. सगळा माळ त्यांचाच!"

आक्कानं दाराबाहेर पाहिलं. उंबऱ्यापासूनच गुडघाभर गवत. एक पातं मोडलेलं नव्हतं.

"गवत बघताय व्हय? असं हिरवंगार राखलेलं रान पंचक्रोशीत न्हाई." रणधीरनं छाती पुढं काढली.

"न्हाई खरं," आक्का म्हणाली.

रणधीर खुलला. अहो, आक्काच्या तोंडून एवढं ऐकायला माणसं वर्षं घालवायची!

मग ती वाकली. शेडमधलं एकेक घमेलं उचलून बाहेर आणलं, दाणे पोत्यात ओतले, शेवटचं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसली.

"आक्का! ऐन खायच्या येळंला?"

"बस."

तो बसला...

ऊन वर चढलं. शेडमध्ये नुसता गलका! तीनशे पक्षी जिथं घमेली होती तिथंच घुटमळत ओरडत होते. एखादा उंबऱ्यापर्यंत यायचा, गवत पायाला लागलं की मागं फिरायचा. बरं, दार तर सताड उघडं.

रणधीरला आक्काकडे बघवेना. तीन वर्षं शिकून हे काय केलं आपण? कान तापले त्याचे.

शेडच्या मागून, पालथ्या घातलेल्या बांबूच्या डालग्याला आतून नखं घासावीत तशी खसखस ऐकू आली.

"मागं काय वाजतंय?"

"कुठं काय..."

"डालग्याखाली कोण हाय रे?"

आता लपवून काय उपयोग! "एक लंगडी हाय, आक्का. बाकीच्या तिला टोचून टोचून घमेल्याजवळ येऊ देत न्हाईत. पाठीची पिसंबी गेल्यात. म्हटलं, तुम्ही येणार, ते ध्यान कशाला समोर..."

आक्का उठली. मागं जाऊन तिनं डालगं उचललं.

लंगडीनं अंग झाडलं. खुरडत खुरडत पुढं येऊन थेट दारासमोरच्या गवतात शिरली, एका पायानं माती उकरली, मान खाली घातली आणि वर काढली ती नाकतोडा घेऊनच.

दारातल्या लाल कोंबड्यानं ते पाहिलं. चोचीतला घास हिसकायला तो धावला. लंगडीनं केव्हाच गिळला होता. कोंबडा तिथंच गवतात उभा राहिला, भांबावलेला... मग त्यानंही एकदा माती उकरली. त्याच्या मागं दोन कवड्या आल्या. मग दहा. मग तर दारात चेंगराचेंगरी!

रणधीर ताडकन उभा राहिला. "आक्का, बघा! चरतात! माझ्या कोंबड्या चरतात!"

तीनशे पक्ष्यांच्या वजनानं फुगली नव्हती एवढी त्याची छाती एका नाकतोड्यानं फुगली. डोळेही भरले, ते त्यानं बाहीला पुसले.

आक्का मग पदर झटकून फाटकाकडे निघाली.

"उद्या तांबडा आणून सोडते."

"खरंच, आक्का? माझ्याकडं?"

"लंगडीकडं. चार गोष्टी शिकंल तिच्यापाशी."

रणधीर तिच्यामागं फाटकाकडं धावला.

"आणि... मी, आक्का?"

आक्का फाटकात थांबली.

"तुझं तिलाच इचार."