आवडूनं न उघडलेली टोपली

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. भाटवलीत खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी आवडू नावाची खारवीण होती. तिसऱ्यांतली कीड तिच्याएवढी कुणालाच कळली नाही, असं म्हणतात. ओहोटीला बायका टोपल्या भरून धक्क्यावर यायच्या. आवडू प्रत्येकीच्या पाच तिसऱ्या विळीवर उघडायची, मांस नखावर घेऊन उन्हात धरायची. सुतासारखी अळी दिसली की अख्खी टोपली खाडीत पालथी. मग रडा नाहीतर पाया पडा.

शेवंता विधवा होती. तिची टोपली दोनदा पालथी झालेली. ती एकदा म्हणाली, "आवडे, तुझी टोपली कोण बघतं गं?"

"माझी कशाला बघायची? माझे डोळे फुटलेत काय?"

पुढं नवी होडी पाण्यात लोटली, त्या दिवशी गावजेवण झालं. तिसऱ्या या दोघींनीच दिल्या. शेवंताच्या तपासल्या, आवडूच्या नाहीत. घाईत जेमतेम वाफवून वाढल्या. आवडूनं आपल्या टोपलीतल्या उरलेल्या घरी नेऊन उघडल्या, तर पाचांतल्या तिनांत सूत. तिनं त्या गुपचूप ओतून दिल्या आणि तोंड शिवलं.

आठ दिवसांत गाव पोट धरून लोळलं. दोन माणसं गेली. सगळ्यांनी बोट दाखवलं शेवंताकडं. "आवडूची नजर चुकेल होय? हिनंच मागाहून नासक्या मिसळल्या." शेवंताला खाडी बंद झाली. ती टाकळ्याचा पाला उकडून खाऊ लागली. आवडू समोरच राहायची. तिला शेवंताच्या चुलीचा धूर दिसायचा आणि हातातला घास तोंडाशी जायचा नाही. तरी बारा दिवस गप्प बसली. लाजेला सुद्धा लाज नसते सुरुवातीला.

तेराव्या दिवशी तिनं शेवंताला हात धरून भरल्या धक्क्यावर आणलं, आपली टोपली तिच्यापुढं ठेवली.

"बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला काही लागत नाही. उघडायला लागतं. त्या दिवशी माझी मी उघडली नव्हती. कीड माझ्यात होती. मला ठाऊक होतं."

शेवंतानं विळी ओढून घेतली.

त्यानंतर आवडूनं मान कधी वर केली नाही. खाली बघून बघून तिची नजर एवढी धारदार झाली, की मिटल्या शिंपल्यातली अळी तिला दिसायची. तिची सावली टोपलीवर पडली की किडक्या तिसऱ्या आपोआप तोंड उघडायच्या, असं म्हणतात.

भाटवलीत आजही कुणी आपली टोपली आपण बघत नाही. शेजारणीपुढं ठेवायची, "आवडूच्या पाच" म्हणायचं, आणि पाचवी उघडेपर्यंत मान खाली घालून उभं राहायचं. सरपंचाची बायको असली तरी.