घोरपडीची मुदत

खूप जुनी हकिगत आहे. एका रानात एकच पाणवठा होता आणि तिथे कोणी कधी पाणी प्यायचं, हे पंच म्हणून घोरपड ठरवायची. सशांची पाळी ती नेहमी शेवटी लावायची. तोवर तळाशी चिखलच उरायचा. एका उन्हाळ्यात तहानेने सशाची दोन पिल्लं गेली, तेव्हा तो सभेत उभा राहिला.

"पंचाला मुदत असावी," तो म्हणाला.

घोरपड रागावली नाही. तिने स्वतःच ठराव मांडला, "यापुढे कोणीही दहा पावसाळ्यांहून जास्त काळ पंच राहणार नाही." तिचे दहा पावसाळे केव्हाच उलटले होते. सगळ्यांनी आनंदाने ठरावाला मत दिलं.

दुसऱ्या दिवशी नवा पंच निवडायला सगळे जमले, तर घोरपड पंचाच्या खडकावरच बसलेली.

"मावशी, तुमची मुदत संपली ना?" सशाने विचारलं.

"ठरावात 'यापुढे' म्हटलंय, बाबा. माझे दहा पावसाळे आता सुरू होतील."

ठरावाला पहिलं मत सशानेच दिलं होतं, आणि दहा पावसाळे पाहिलेला ससा त्या रानात आजवर झाला नव्हता.