चाकाखालचा धोंडा

मोटारींचे भाग आणि दगडधोंडे एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. पावसाळा तोंडावर आला तशी कुमुदताई सबनीसांनी आपली जुनी मोटार शेडमध्ये लावली. हँडब्रेक ओढला आणि चाकाखाली एक धोंडाही सरकवला.

"तू कशाला आलास?" ब्रेक धोंड्याला म्हणाला. "मी धरलेलं चाक हलत नाही."

"हवा दमट आहे," धोंडा म्हणाला. "ताईंनी सोड म्हटलं, की सोड बाबा."

"सोडतो तो ब्रेक कसला?"

ब्रेक गंजून अडकू नये म्हणून श्रावणात ताईंनी येऊन हँडब्रेक खाली केला. ब्रेक मात्र हट्टाने चाकाला तसाच चिकटून राहिला.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली. ताईंनी धोंडा पायाने बाजूला केला, इंजिन चालू केलं, गिअर टाकला. गाडी नुसतीच थरथरली.

"भंगारात द्या आता," शेजारी म्हणाले.

ब्रेकला आता सुटायचं होतं, पण गंजाने त्याला सोडलं नाही.

शेवटी अन्वर मिस्त्रींनी हातोडीने ठोकठोकून ब्रेकवरचा लोखंडी ड्रम काढला, गंज घासला आणि ब्रेक पुन्हा बसवला.

पुढच्या पावसाळ्यात ताईंनी हँडब्रेक ओढलाच नाही. नुसता धोंडा लावला.

"चाक नीट धर," ब्रेक हळूच म्हणाला.

"धरतो की," धोंडा म्हणाला, "दसऱ्यापर्यंत."