इराप्पा आंबीनं आणलेला सामना

बसा, सांगतो. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीवर पूल नव्हता, फुटबॉलला चामड्याची वादी असायची आणि वाघजळ गावात दोन-चार शहाणी माणसं होती, तेव्हाची. आता पूल झाला, वादी गेली, आणि बाकीचं तुम्ही रोज बघताच आहात.

त्या काळी वाघजळच्या तालमीत कुस्ती थोडी आणि फुटबॉल फार चालायचा. जिल्ह्यात संघांचे दोन गट होते, एक वरचा आणि एक खालचा. वरच्या गटाचे सामने शहरातल्या मोठ्या मैदानावर व्हायचे, दगडी पायऱ्यांवर हजारो माणूस बसायचं. खालच्या गटाचे सामने कुणाच्या तरी कापणी झालेल्या रानात व्हायचे आणि बघायला म्हशी असायच्या. वाघजळ अकरा वर्षं म्हशींपुढं खेळत होतं. शेवटी शेवटी म्हशीसुद्धा पाठ फिरवून बसायच्या, असं म्हणतात.

आमच्या गोलात उभा राहायचा इराप्पा आंबी. आंबी म्हणजे नाव चालवणारा. त्याला गोलात घातलं त्याचं कारण साधं होतं, त्याला जमिनीवर धड चालता यायचं नाही. सारा जन्म नावेत उभं राहण्यात गेलेला, त्यामुळं घट्ट भुईवरही तो डुलायचा, डाव्या पायावरनं उजव्यावर आणि उजव्यावरनं डाव्यावर. गावातले टवाळ त्याच्या मागनं डुलत चालायचे. पण त्याचे हात गुडघ्याला लागायचे आणि तळवे सुपाएवढे होते. पुरात वाहत आलेला ओंडका तो नावेतनं एका हातानं थांबवायचा. बॉल तर ओंडक्याहून हलकाच.

त्याचा एक नेम होता, बापाकडनं आलेला, बापाला आज्याकडनं आलेला. काठावरनं हाक आली की नाव सोडायची. पुढ्यातलं ताट सरकवून उठायचं. हाक मारणारा चोर असो, फौजदार असो, नाहीतर सासूशी भांडून माहेरी निघालेली बाई असो. हाक आल्यावर जो आंबी बसून राहील, त्याची नाव पुन्हा पाण्यावर तरत नाही, असं म्हणतात.

तर त्या वर्षी काय झालं, खालच्या गटात वाघजळ आणि माळखडी हे दोन संघ सारख्या गुणांवर येऊन थांबले. वर जागा एकच. मग ठरलं, दोघांत एक शेवटचा सामना घ्यायचा, जिंकेल तो वर जाईल. बरोबरी झाली तर माळखडी वर, कारण त्यांनी वर्षभरात गोल जास्त केले होते. सामना कुठं घ्यायचा त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली वाघजळची.

माळखडी नदीपलीकडं, डोंगरात. उन्हाळ्यात नदी गुडघाभर असते, त्यामुळं ती माणसं नेहमी चालत यायची, नावेत कधी कुणी चढलं नव्हतं. पण सामन्याच्या आदल्या दिवशी वर घाटात वळीव असा कोसळला की सकाळी नदी दोन्ही काठ खात निघाली होती. झाडं वाहत होती. एक अख्खं गवताचं खोपट कोंबड्यासकट गेलं, असं म्हणतात, आणि कोंबडा आरवत गेला.

तालमीचे वस्ताद होते तातोबा पाटील. मिशी मोठी, डोकं त्यामानानं बेताचं. नदी बघून ते इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना तालमीत बोलावलं आणि समजावून सांगितलं. ते म्हणाले, पंच कालच इकडं आलेत आणि माझ्या घरी तिसऱ्यांदा जेवायला बसलेत. चार वाजता ते शिट्टी मारणार, अर्धा तास वाट बघणार, आणि समोरचा संघ मैदानात नसला की आपल्याला पुढे चाल देणार. पुढे चाल म्हणजे न खेळता जिंकणं. आपण फक्त नाव सोडायची नाही.

सगळ्यांनी माना डोलवल्या. मग नाना गुरव, जो आमच्या पुढच्या फळीत खेळायचा, तो म्हणाला की हाक आली तर इराप्पा बसायचा नाही. ह्यावर तातोबांनी मिशीला पीळ देत बराच विचार केला. गावाच्या इतिहासात एवढा विचार पुन्हा कुणी केला नाही. आणि ते म्हणाले की मग हाक ऐकूच येऊ नये अशी तजवीज करू.

दुपारी एक वाजता घाटावर सात हलग्या, चार कैताळ आणि एक शिंग येऊन उभं राहिलं. मधोमध नावेत इराप्पाला बसवला. आणि वाजवायला सुरुवात झाली. घाटाच्या पिंपळावरचे बगळे उठून शेजारच्या गावाला गेले ते चार दिवस आले नाहीत.

तासाभरानं पल्याडच्या काठावर माळखडीचा संघ आला. चौदा माणसं. त्यांनी तोंडाला हात लावून हाका मारल्या. इकडनं फक्त तोंडं उघडताना दिसत होती. हाका मारून मारून ती दमली, आणि मग त्यांच्या कानावर हलगी पडली. भोळी डोंगरातली माणसं ती. त्यांना वाटलं, काय मोठ्या मनाचं गाव आहे, आपल्या स्वागताला वाजंत्री लावलीय. आणि ती पल्याड नाचायला लागली. आता हलगीवाल्याला समोर नाचणारा माणूस दिसला की त्याचा हात थांबत नाही, मग तो वैरी का असेना. इकडं हलगी चढली, तिकडं नाच चढला, मधनं नदी गरजत चालली. तातोबांना काय करावं कळेना.

इराप्पा मान खाली घालून बसला होता. एक हात नावेबाहेर, तळवा पाण्यात. बराच वेळ तो तसाच होता. मग तो उठून उभा राहिला आणि नावेचा दोर सोडायला लागला. हलग्या आपोआप बंद पडल्या.

"कुठं निघालास?" तातोबा म्हणाले.

"हाक आली."

"एवढ्या गावाला ऐकू न्हाई आली ती तुला कशी आली?"

"पाण्यातनं आली, वस्ताद. हाताला लागली."

त्याच्या हातावर काटा उभा होता, असं म्हणतात, आणि पाणी त्याच्या तळव्याभोवती तेवढं थांबलं होतं, बाकीची नदी धावत होती.

तातोबा पुढं झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "इराप्पा, अकरा वर्षं झाली. त्यांना आणलंस आणि आज आपण वर गेलो न्हाई, तर ह्या गावाचा माणूस तुझ्या नावेत पाय ठेवणार न्हाई. बायकापोरं घेऊन दुसरा काठ बघायचा."

इराप्पानं बायकोकडं बघितलं. गौराक्का घाटाच्या पायरीवर त्याची भाकरी घेऊन उभी होती. आंबी लोकांना नदी हेच शेत आणि हाच उंबरा. काठ गेला की सगळं गेलं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती म्हणाली, "बघताय काय? उशीर झाला तर पंच थांबायचे न्हाईत."

नाव निघाली. त्या पाण्यात तीन खेपा केल्या इराप्पानं. पहिल्या खेपेला ओंडका येऊन आदळला, त्यानं तो पायानं लोटला. दुसऱ्या खेपेला वल्हं मोडलं. दोन्ही काठांच्या झाडांना बांधलेला एक जाड दोर नदीवर ताणलेला असायचा, तिसऱ्या खेपेला तो धरून एकेक हात पुढं टाकत त्यानं नाव ओढत आणली. तळव्यांची साल दोराला राहिली. नदी नावेच्या वरनं जात होती आणि नाव खालनं येत होती, आणि आत बसलेल्या कुणाचे कपडे भिजले नाहीत, असं म्हणतात. नाव काठाला लागली तेव्हा पंचांनी शेवटची शिट्टी ओठांत धरली होती. ती त्यांनी तशीच ठेवली आणि सामन्याच्या सुरुवातीची म्हणून वाजवली.

आता गंमत बघा. डोंगरातली माणसं, नावेत पहिल्यांदा चढलेली आणि तीही असल्या पाण्यात. भुईवर उतरली तरी त्यांना सगळं मैदान हलतंय असं वाटत होतं. त्यांचा गोलकीपर दोन्ही हातांनी खांब धरून उभा होता. नाना गुरवनं मारलेला बॉल इतका सावकाश गेला की वाटेत त्याला विसावा घेता आला असता, पण तो गोलात गेला. गोल झाल्यावर गोलकीपरनं खांब न सोडता विचारलं की कोण गेलं आत.

मध्यंतरानंतर मात्र त्यांची भोवळ उतरली. मग माळखडी असा आला, जसा नदीला लोंढा येतो. त्यांच्यात एक भैरू लोहार होता. घणाचे घाव पायात उतरलेला माणूस. त्याच्या फटक्यानं एकदा आडवी दांडी मोडून तिचा निम्मा तुकडा शेजारच्या उसात गेला होता. असले फटके इराप्पानं सोललेल्या तळव्यांवर घेतले. पंधरा घेतले कुणी म्हणतं, कुणी चाळीस. पाटलांच्या घरात साठ सांगतात, कारण आता तो त्यांच्याच तालमीचा झाला. बॉल निघाला तेव्हा पिवळा होता, शेवटी शेवटी तांबडा झाला. आणि इराप्पा गोलरेषेवर डुलत राहिला, आणि बघणाऱ्यांना वाटायला लागलं की तो उभाच आहे, डुलतंय ते मैदान. बाया-माणसं एकमेकांचे हात धरून बसली होती.

शेवटच्या मिनिटाला नाना गुरवच्या हाताला बॉल लागला. आमच्याच गोलापुढं. पेनल्टी. आता गोल बसला की बरोबरी, बरोबरी झाली की माळखडी वर, आणि इराप्पाची नाव काठावरनं उठली.

भैरू लोहार बॉल ठेवून उभा राहिला. त्याचा पाय उचलेना.

"इराप्पादा," तो म्हणाला, "मरणातनं आणलंस मला. तूच सांग, कुठं मारू?"

इराप्पा म्हणाला, "तुझा जीव म्हणंल तिकडं मार. आणि हळू मारू नको, भैरू. हळू मारायला आणलं न्हाई मी तुला."

भैरूनं डोळे पुसले आणि मारला, तसा इराप्पा रेषा सोडून चार पावलं पुढं आला. तो फटका नदीपलीकडं, डोंगरात, त्याच्या आईला ऐकू आला, असं म्हणतात. बॉल इराप्पाच्या छातीत बसला आणि इराप्पा त्याला कवटाळून उभ्याउभ्या मागं सरकत गेला. टाचांनी भुईत दोन चर पडले, हातभर खोल, आणि चरांत पाणी निघालं. कोरड्या उन्हाळी रानात पाणी. टाचा रेषेला लागल्या, आणि नाव काठाला लागून थांबते तसा तो थांबला. बॉल रेषेच्या अलीकडं होता. शिट्टी झाली.

सगळं रान उभं राहिलं होतं.

तातोबा पाटील चालत गेले. त्यांनी डोक्याचा फेटा सोडला, फाडला आणि खाली बसून इराप्पाचे दोन्ही तळवे बांधले. गाठ त्यांना नीट मारता येत नव्हती. इराप्पानंच सांगितलं कशी मारायची ते.

ऊन उतरलं तरी माळखडीची माणसं घाटावर गप्प बसून होती. इराप्पानं त्यांना विचारलं की घरी जायचं तर हाक का मारत नाही. भैरू म्हणाला की तुझ्या हातांकडं बघून तोंड उघडत नाही, नदी उतरेपर्यंत आम्ही इथंच राहू. तेव्हा तातोबांनीच तोंडाला हात लावून हाक दिली, "ओ नाववाले!" आणि स्वतः जाऊन दोर धरला. त्यांच्यामागं नाना गुरव, त्याच्यामागं सगळा संघ. वाघजळच्या अकरा माणसांनी माळखडीच्या माणसांना बसवलेली नाव ओढून पल्याड नेली. इराप्पा पुढं उभा राहून फक्त मानेनं दिशा दाखवत होता. आणि ज्या बाजूला त्याची मान वळायची तिकडचं पाणी सपाट व्हायचं, असं म्हणतात. असेलही. तातोबांनी दोर ओढला हा चमत्कार मानला, तर मग नदीचं काय घेऊन बसलात.

वाघजळ वरच्या गटात गेलं. इराप्पा गेला नाही. त्याचे तळवे पुन्हा कधी पुरते मिटले नाहीत, त्यामुळं मोठ्या मैदानावर गोलात दुसराच कुणी उभा राहिला. इराप्पा दगडी पायरीवर बसून सामना बघायचा आणि बसल्या जागी डुलायचा. थोड्या वेळानं ती अख्खी पायरी डुलायला लागायची, शहरातले वकील-डॉक्टरसुद्धा, आणि कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

पूल झाला त्या दिवशी म्हातारा इराप्पा नावेत बसला आणि खालच्या अंगाला निघाला. कुठं उतरला ते कुणी पाहिलं नाही. खालच्या गावांतनं मात्र माणसं येऊन सांगायची, अडीनडीला हाक दिली की एक नाव येते, आणि नाववाल्याच्या हाताला तांबडा फेटा बांधलेला असतो. असं म्हणतात.

आमच्या गावात अजून गोलकीपरला इराप्पाच म्हणतात, त्याचं नाव काही असो. पोरींच्या संघाचा इराप्पा सध्या गिरणीवाल्या मुजावरांची धाकटी आहे. आणि वाघजळच्या मैदानात आजवर एकाही संघानं पुढे चाल घेतलेली नाही. समोरचा संघ आला नाही तर पंचांना चहा पाजतात आणि थांबतात. मागल्या साली वरच्या गटात टिकायचा सामना होता आणि पाहुण्यांचा ट्रक घाटात बंद पडला. पंच म्हणाले, तुम्ही जिंकलात, घरी जा. आम्ही दोन तास थांबलो, वर आमचाच ट्रॅक्टर पाठवून त्यांना ओढून आणलं. त्यांनी आम्हाला दोन गोल घातले आणि आम्ही खाली आलो, परत म्हशींपुढं. संध्याकाळी त्यांना पंगतीला बसवलं. तातोबांचा पणतू वाढत होता. त्यानं पोटभर आग्रह केला, तोंडानं एक वाकडा शब्द काढला नाही. रस्सा तेवढा त्यानं आपल्या हातानं तिखट केला होता.