वेणाने जामीन ठेवलेली सावली

एका राज्यात झाडे बोलत, नदी राजवाड्याच्या पायऱ्यांना टेकून वाहे, आणि न्यायसभेच्या दारावर एक थोर घंटा टांगलेली असे. घंटा वाजली की राजा शीलभद्र न्यायाला बसे. एके दिवशी पाहतात तो घंटेचा तांब्याचा लोलक नाहीसा! आदल्या संध्याकाळी केरू नावाडी घाटावर दिसला होता. त्यालाच धरले आणि बुरुजात कोंडले.

आता घंटा वाजेना म्हणून न्याय बसेना, आणि न्याय बसेना म्हणून केरू सुटेना. मागाहून धरलेली माणसेही तिथेच पडून राहिली. खिडकीच्या गजांतून त्यांच्या दाढ्या बाहेर लोंबू लागल्या.

केरूची धाकटी बहीण वेणा रोज भाकरी घेऊन जाई. एका सकाळी बुरुजाच्या खिडकीत तांबूस पंखांचा भारद्वाज बसला होता.

तो म्हणाला, "बाई गं, भाकरीने पोट भरेल, दार उघडणार नाही. राजाला जामिनाच्या जुन्या रीतीची आठवण करून दे. एक जामीन रक्ताचा, एक दाराचा, एक धंद्याचा."

वेणा दरबारात गेली. "महाराज, माझा दादा चोर की साव, ते तुम्ही ठरवा. पण ठरेपर्यंत त्याला घरी राहू द्या. बोलवाल तेव्हा तो येईल."

"आणि पळाला तर?" प्रधान हसला.

"रक्ताचा जामीन मी. माझी सावली ठेवून घ्या."

वेणाने टाचेपासून सावली सोडवली, लुगड्यासारखी घडी घातली आणि सिंहासनाच्या पायरीवर ठेवली.

राजा म्हणाला, "दसऱ्याला सूर्य मावळायच्या आत तो इथे हवा. नाही आला, तर सावली दरबाराची. आणि बिनसावलीच्या माणसाला पुढे कुणी ओळखत नाही, हे ध्यानात ठेव."

मग वेणा घराच्या दारातल्या चिंचेकडे गेली.

"मुळे दुखतात गं माझी," चिंच कुरकुरली. "पण दुष्काळात तुझ्या दादाने स्वतःच्या वाट्याचे पाणी मला घातले. चल."

चिंच चालत दरबारात आली. गालिचाभर पाला सांडला.

धंद्याची जामीन राहिली नदी. ती म्हणाली, "मी कुणाची भीड धरत नाही. सांग, तुझ्या भावाने उतारूंना कधी मध्येच सोडले?"

"कधीच नाही."

"मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे का, ते पाहत होते."

नदी पायऱ्या चढून आत आली आणि प्रधानाचे जोडे भिजले.

"पुरे, पुरे! सोडा त्याला!" प्रधान ओरडला.

केरू बाहेर आला. त्याने बहिणीच्या पायांशी पाहिले. "वेणे, हे काय करून बसलीस?"

"घरी चल, दादा. पोटभर जेव."

दसरा उजाडला. केरू पहाटेच नाव घेऊन पलीकडे गेला. "संध्याकाळच्या आत येतो," म्हणाला. वेणा दरबाराच्या दारात थांबली. ऊन कलले. रोज हसून बोलणारा पहारेकरी तिला विचारू लागला, "कोण गं तू?" सूर्य डोंगराला टेकला.

तेवढ्यात नाव दिसली. काठापर्यंत भरलेली, गोगलगायीसारखी येत होती. आत म्हाताऱ्या, लेकीसुना, कुणाच्या मांडीवर कुंडीतली तुळस, कुणाच्या डोक्यावर डाळिंबाचे रोप.

"दादा, इतका उशीर?"

"काय करू! बुरुजातल्या सोबत्यांच्या घरी निरोप दिले. सगळ्याच म्हणाल्या, आम्हीही जामीन राहतो. मध्येच कुणाला उतरवू?"

केरूने पायरीवर पाऊल ठेवले मात्र, भारद्वाज झेपावत घंटेखाली आला.

"महाराज, मला कुणी चोरले नव्हते. तुम्ही एका मांत्रिकाला त्याचे न ऐकताच कोंडलेत. त्याने शाप दिला की, कोंडलेला माणूस आपल्या पायांनी न्यायाला परत येत नाही, तोवर घंटा मुकी राहील. तो लोलक मीच."

एवढे बोलून पक्षी घंटेत शिरला, तांब्याचा झाला, आणि घंटा घणघणली.

राजा सिंहासनावरून उठला. "केरू, चूक माझी. तू निर्दोष आहेस. मांत्रिकाला मानाने घरी पोहोचवा. बाकीचेही आपापले जामीन देऊन आजच घरी जातील. बोलावल्या दिवशी येतील आणि मी ऐकेन."

वेणाने सावली उचलली, झटकली, टाचेला लावली. पहारेकरी डोळे चोळत म्हणाला, "अगं वेणाबाई, हल्ली भाकरी नाही आणत?"

"आता दादा रोज घरीच जेवणार!" वेणा म्हणाली.

आणि दोन सावल्या घाटाच्या वाटेने घरी गेल्या. त्यांची वाट जशी मोकळी झाली, तशी सगळ्यांची होवो.