चुलवाणाशेजारचं पोतं

"मग दोष कुणाचा, बाबा? तिच्या हृदयाच्या नळ्या तर स्वच्छ होत्या."

विचारणारे डॉक्टर श्रीरंग कुलगुडे, शहरातले नावाजलेले हृदयरोगतज्ज्ञ. महिन्यापूर्वी त्यांची बायको वासंती फिरायला गेली असताना रस्त्यातच कोसळली आणि गेली. बाबा म्हणजे हसनबाबा, शहराबाहेरच्या गुऱ्हाळावर चुलवाणात, म्हणजे रसाच्या काहिलीखालच्या मोठ्या चुलीत, जाळ घालणारे म्हातारे फकीर. वासंती त्यांना फार मानायची.

खरं तर डॉक्टरांना उत्तर नको होतं. आपण निर्दोष आहोत असा दाखला हवा होता.

चुलवाणाशेजारी एक पोतं अंथरलेलं होतं. डॉक्टर त्यावर बसू लागले.

"तिथं नको," बाबा म्हणाले.

मग उभ्यानेच डॉक्टरांनी सगळं सांगितलं. वासंती दोन वर्षं दमते म्हणत होती. अँजिओग्राफीत कुठे अडथळा निघाला नाही. घरात डॉक्टर असला म्हणून बायकोचं दमणं कोण मनावर घेतो? आळस ठरला, मनाचे खेळ ठरले. त्यांनी तिच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं आणि रोज दहा हजार पावलं नेमून दिली. ती गेल्यावर तपासणीत भलतंच निघालं. हृदयाच्या पेशींमधले मायटोकॉन्ड्रियाच निकामी झाले होते.

"म्हणजे?"

"पेशीतल्या चुली, बाबा. रक्त जळण पोचवत होतं, पण जाळायला चूलच धड नव्हती. हे अँजिओग्राफीत दिसत नाही."



चुलवाणातला जाळ मंदावला होता. बाबांनी उसाच्या वाळल्या चिपाडांच्या ढिगाकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मोठा भारा उचलून आत कोंबला. जाळ आणखी बसला आणि धूर उलटा तोंडावर आला. त्यांनी घाईघाईने दुसरा भारा उचलला.

बाबांनी तो हातातून काढून घेतला. सळईने राख ओढली, चार चिपाडं आत सारली आणि थांबले. हळूहळू काहिलीतला रस पुन्हा खदखदू लागला.

"जाळ बसतोय हे तुम्हाला कसं कळतं?"

"रसाचा आवाज उतरतो."

डॉक्टर डोळे पुसत राहिले. धूर तर केव्हाच गेला होता.

घड्याळ रोज सहा हजारांवर अडायचं. त्यावरून ते तिला पाहुण्यांसमोर बोलले होते. शेवटच्या दिवशी मात्र दहा हजार पुरी भरली होती. ते घड्याळ अजून त्यांच्या खिशात होतं.

"ती... इथे बसायची?"

बाबांनी पोत्याकडे पाहिलं.

"रोज."

"त्या दिवशीही?"

बाबांनी एक चिपाड जाळात सारलं.

"म्या म्हटलं, बस पोरी. न्हाई बसली. म्हणाली, घरी पावलं मोजत्यात."