शंभर वर्षांची हमी

येवल्याच्या विणकर सोसायटीत पैठणीचे कागदावर काढलेले तीनशे जुने नमुने होते, अन् त्या कागदांना लागली वाळवी. नमुने कॉम्प्युटरात ठेवून द्यायला एका सॉफ्टवेअर कंपनीचे नगरकरसाहेब आले. बूट न काढताच मागापर्यंत चालत गेले अन् म्हणाले, "आमच्या खास फाइलीत ठेवतो. शंभर वर्षं धक्का लागणार नाही."

"पण त्या उघडायच्या कशा?" मागावर बसलेल्या गोदूमावशीनं विचारलं. तिच्या सासूनं काढलेले मोर होते त्यात. तिचा जीव खालीवर होत होता.

"फक्त आमच्या सॉफ्टवेअरनं."

"अन् तुमची कंपनीच उठली तर?"

"तुम्हाला नाही कळायचं, मावशी."

चेअरमन खंडूशेठ तर सहीला पेन उघडून बसलेले.

"थांबा हो शेठ," मावशी म्हणाली. "साहेब, शंभर वर्षांची हमी लेखी द्याल ना?"

"देतो की! स्टॅम्पपेपरवर."

"कागद नको बाई, वाळवी खाईल. हमीपण तुमच्या त्या खास फाइलीतच द्या."

साहेब हसले. "असं कसं? उद्या वकिलाला दाखवायची झाली तर? त्याच्याकडे आमचं सॉफ्टवेअर कुठलं? हमी कशी, कुणालाही वाचता आली पाहिजे."

"मग आमच्या मोरांनी काय घोडं मारलंय?"

साहेबांचं हसू तिथंच विरलं. खंडूशेठनं पेनाला टोपण लावलं.

"साध्या, खुल्या फाइलीतही ठेवता येतात," साहेब हळूच म्हणाले. "कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतात."

नमुने तसेच ठेवले. मावशीनं सासूचा मोर आधी सोसायटीत उघडून पाहिला, मग पोस्टात, मग शाळेत. तिन्हीकडे पिसारा पुरता दिसला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.